आधी नुसता भात: नासी लेमाक शिकतानाच्या नोंदी

शनिवार, 14 जून 2025, पेटालिंग जाया, मलेशिया

वही आजपासून सुरू.

आमच्या इमारतीखाली सकाळी सहा वाजता एक छत्री उघडते. तिच्याखाली एक मेज, मेजावर केळीच्या पानात आणि वरून तपकिरी कागदात बांधलेल्या शंकूच्या आकाराच्या पुड्या. आत नासी लेमाक: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तिखट-गोड सांबाल (मिरचीचं परतलेलं वाटण), तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या दोन चकत्या, उकडलेल्या अंड्याची फोड. एक पुडी दोन रिंगिट. नऊ वाजेपर्यंत मेज रिकामं होतं. छत्रीखाली बसणाऱ्या बाईंना सगळे माकचिक म्हणतात, म्हणजे मावशी. दोन वर्षं मी त्यांच्याकडून ही पुडी घेते आहे. आठवड्यातून तीनदा तरी.

आज धीर करून विचारलं, शिकवाल का? त्यांनी माप सांगितलं नाही. एक पुडी उघडली, सांबाल चमच्याने बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "रासा नासी दुलू." आधी भात चाखून बघ.

चाखला. दोन वर्षांत मी तो नुसता कधी खाल्लाच नव्हता. दाणा मोकळा, पण कोरडा नाही. बोटांना तेलकटपणा लागत नाही आणि जिभेवर मात्र नारळाची साय पसरते. मागून आल्याचा हलका वास, आणि आणखी एक हिरवा वास, आंबेमोहर शिजताना येतो तसा. 'लेमाक' शब्दाचा अर्थ चरबी, स्निग्धांश. पण मलय माणूस तो चवीचं नाव म्हणूनही वापरतो, आपण तुरट म्हणावं तसा. मराठीत त्याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'ओशट' म्हटलं तर दोष होतो.

ठरवलं ते असं: 16 सप्टेंबरला, मलेशिया दिनाच्या सकाळी, घरी वीस पुड्या बांधायच्या. आणि पहिली पुडी माकचिकना द्यायची.

रविवार, 15 जून

पहिला प्रयत्न. तांदूळ 400 ग्रॅम, खोक्यातलं दाट नारळाचं दूध 500 मिली, मीठ एक चमचा, विजेच्या कुकरमध्ये सगळं एकदम.

वरच्या थराला कणी राहिली, तळ लागला आणि मधला भात तुपकट. चूक कळायला सोपी होती. दाट दुधात पाणी कमी आणि चरबी जास्त, तांदळाला फुगायला जे पाणी लागतं ते त्याला मिळालंच नाही. मी दूध मोजलं, पाणी मोजलं नाही.

रविवार, 22 जून

दूध 250 मिली, पाणी 300 मिली. पांदानची तीन पानं गाठ मारून, आल्याचा ठेचलेला तुकडा. पांदान म्हणजे केवड्याचाच भाऊबंद, लांब तलवारीसारखं पान, काटे जवळपास नाहीत. कोकणात काही परसांत हे झाड 'बासमतीचं पान' म्हणून लावतात. ते नाव उगीच पडलेलं नाही. पांदान, बासमती आणि आपला आंबेमोहर या तिन्हींच्या वासामागे एकच रसायन आहे, 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलीन. पहिल्या घासाला आंबेमोहर का आठवला, ते आज कळलं.

भात मात्र गिच्च झाला. वीस मिनिटांनी झाकण उघडून मी ढवळला होता.

संध्याकाळी मालवणला आईला फोन केला. तिने नासी लेमाक कधी पाहिलेला नाही, पण नारळाच्या रसात तिचं आयुष्य गेलंय. म्हणाली, "अगो, रस चुलीर ठेवलो काय ढवळीत रवाचा, नायतर फुटता. पण तांदूळ त्यात पडलो काय मगे हात लावचो नाय."

सोमवारी सकाळची भर: हेच माकचिकना सांगितलं, तर त्या हसल्या. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं: "जांगान काचाउ." काचाउ म्हणजे ढवळणं. काचाउ म्हणजे त्रास देणंसुद्धा. भाताला त्रास देऊ नकोस.

शनिवार, 28 जून

ताज्या रसाशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं, म्हणून सकाळी सहालाच निघालो. केलाना जाया मार्गाच्या गाडीने कांपुंग बारू. क्वालालंपूर शहराच्या अगदी मध्यावरची ही जुनी मलय वस्ती. लाकडी घरं, अंगणात फणस-केळी, आणि मागे मान वर करावी तिथे पेट्रोनास मनोरे. इथे नासी लेमाकची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. रांगेत उभं राहून एक ताट घेतलं. सोबतीला काचेच्या कपाटात काय काय मांडलेलं: गोमांसाचं रेंदांग (नारळाच्या रसात आटवलेलं), माखुलाचं सांबाल, तळलेलं कोंबडीचं तंगडं, शिंपल्या. नवऱ्याने कोंबडी घेतली. मी नुसता भात, सांबाल आणि अंडं घेतलं, कारण मला दुसरं काही तपासायचं नव्हतं.

इथला भात माकचिकच्या भातापेक्षा सुटा आणि हलका होता. कारण समोरच दिसत होतं. भात उकडीच्या भांड्यात होता, वाफेवर. हंडीच्या तळाशी दूध नाही, त्यामुळे तळ लागायचा प्रश्नच नाही. याला 'कुकुस' म्हणतात.

तिथून चालत चाउ किट बाजार. नारळाच्या गाळ्यावर यंत्र खोबरं किसतं, दुसरं यंत्र पिळतं. दुकानदार विचारतो, "पकात?" म्हणजे घट्ट हवं का? पहिल्या पिळणीचा रस पाणी न घालता अर्धा किलो घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत. घट्ट आणि पातळ, पहिला रस आणि दुसरा रस, हा हिशेब आमच्या सोलकढीतलाच. गाळ्यावर उभी राहून बराच वेळ वास घेत होते. परदेशात इतकं घरच्यासारखं मला कुठल्याच दुकानात वाटलेलं नाही.

शेजारच्या टोपलीत निळी फुलं होती. बुंगा तेलांग, म्हणजे आपली गोकर्ण. उत्तरेकडे कलांतानमध्ये ती भिजवून त्या पाण्यात निळा भात करतात, नासी कराबू. तेरेंगानूला जावं तर नासी दागांग, ट्यूना जातीच्या माशाच्या कालवणाबरोबर. दोन्ही सकाळीच खायचे. ते पुढच्या कधीतरी. आता एकच भात.

रविवार, 29 जून

वाफेवरचा पहिला प्रयत्न, आणि आतापर्यंतचा सगळ्यात चांगला.

तांदूळ एक तास भिजवून, निथळून, पांदान आणि आल्यासकट 20 मिनिटं वाफवला. अर्धवट शिजलेला भात पातेल्यात काढून त्यावर 300 मिली कोमट रस, 200 पहिला आणि 100 दुसरा, मीठ विरघळवून ओतला. हलक्या हाताने एकदाच खालीवर केलं, झाकून दहा मिनिटं ठेवलं. रस सगळा भातात गेला. पुन्हा 20 मिनिटं वाफ. दाणा उभा राहिला! चकाकी आली. नवरा काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेऊन गेला.

पण उरलेला भात मी गरम असतानाच घट्ट डब्यात भरला होता. दुपारी दोनला उघडला तर आंबूस वास. इथे अशा भाताला 'बासी' म्हणतात, हिंदीत ऐकतो तोच शब्द. रसातला भात या हवेत टिकत नाही, त्यात वाफ कोंडली तर आणखी लवकर जातो. माकचिक भात परातीत पसरून कोमट करूनच पुडीत का भरतात, ते समजलं. हा नाश्ता सकाळी नऊला संपतो त्यामागे हेही असणार.

शनिवार, 5 जुलै

उद्या आषाढी एकादशी, म्हणून सांबाल आजच.

सुक्या लाल मिरच्या 40 ग्रॅम, बिया झटकून, कापून, उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं. ते पाणी फेकून द्यायचं. तिखटपणातला कडवट भाग त्यातच जातो, असं माकचिक सांगतात. छोटे लाल कांदे 200 ग्रॅम, लसूण सहा पाकळ्या. आणि ब्लाचान, सुपारीएवढा तुकडा, तव्यावर भाजून.

ब्लाचानबद्दल लिहायलाच हवं. काळपट जांभळ्या वडीसारखं असतं. भाजायला घेतलं की सगळ्या मजल्याला कळतं. इथली अनेक भारतीय घरं त्याच्या वासाने दचकतात. मी नाही दचकले. ब्लाचान ज्या बारीक कोलंबीपासून करतात तिला इथे गरागाउ म्हणतात, आणि ती आमच्या जवळ्याच्याच जातीची. आम्ही जवळा वाळवतो. हे लोक तो मिठात मुरवतात, कुटतात, उन्हात सुकवतात, पुन्हा कुटतात. भाजलेल्या ब्लाचानच्या वासात मला मे महिन्यातलं मालवणचं खळं दिसलं, खाटेवर पसरलेला जवळा आणि राखणीला बसवलेली मी.

वाटण तेलात घातलं. तेल पाऊण वाटी, कमी नाही. मंद आच. पहिली वीस मिनिटं कच्चा वास, मग गोडसर, मग रंग लालवरून विटकरीकडे. माकचिक ज्याला 'पेचाह मिन्याक' म्हणतात ती वेळ 45 मिनिटांनी आली. शब्दशः 'तेल फुटणं'. आपण तेल सुटलं म्हणतो. पेचाह म्हणजे फुटणं. तोच शब्द रसाला लावला तर काम बिघडलं, सांबालला लावला तर काम झालं. मग चिंचेचा कोळ, मीठ आणि गुला मेलाका. हा माडाच्या नीऱ्याचा गूळ, आमच्याकडच्या माडाच्या गुळाचा सख्खा भाऊ. चिंच, माडाचा गूळ, सुकी मिरची, सुकी मासळी. यातलं एकही मला शोधून समजून घ्यावं लागलं नाही. फक्त क्रम नवीन होता.

शेवटी मूठभर इकान बिलिस त्यातच. हे बारीक मासे मांदेलीच्या कुळातले. पांगकोर बेटावरचे नावाजलेले. डोकं-पोट काढून दुभागलेले मिळतात त्यांना 'कोपेक' म्हणतात, महाग पडतात पण कडू लागत नाहीत.

सांबाल तिखट झालं, गोड कमी. तरी चव पकडली असं वाटतं. एकादशीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघर घासायला मात्र दोन तास गेले.

बुधवार, 9 जुलै

आज काही शिजवलं नाही, वाचलं. नासी लेमाकचा उल्लेख रिचर्ड विन्स्टेड या इंग्रज अधिकाऱ्याने मलय लोकजीवनावर 1909 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात आहे. पदार्थ त्याहून जुना असणारच. भात, माड आणि मासळी जिथे एका कुंपणात असते तिथे तो सुचायला कुणा राजाचा खानसामा लागत नाही. शेतावर जाणाऱ्याला सकाळीच पोटभर, दुपारपर्यंत तग धरेल असं काही हवं, आणि ते पानात बांधून नेता यावं. आमच्याकडे त्या वेळेला उकड्या तांदळाची पेज असायची.

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या नाश्त्याच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात नासी लेमाक, रोटी चानाय (पराठ्यासारखी रोटी) आणि तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) यांची नावं आहेत. मला आवडलं ते हे की गौरव एका पदार्थाचा नाही, एकत्र बसून खाण्याचा आहे. आमच्या खालच्या कोपीतियाममध्ये, म्हणजे चहा-कॉफीच्या उपाहारगृहात, हे रोज दिसतं. एका मेजावर चिनी आजोबा मलय बाईंची पुडी सोडतात, शेजारी तमिळ टॅक्सीवाला, आणि चहा तिसऱ्याच्याच गाड्यावरचा.

रविवार, 20 जुलै

बारीकसारीक. शेंगदाणे सालासकट तळायचे, मासे वेगळे. एकत्र तळले तर मासे जळतात आणि दाणे कच्चे राहतात. मासे धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय तेलात नाहीत. काकडी आयत्या वेळी.

रविवार, 27 जुलै

परवा श्रावण लागला. आमच्या घरी श्रावण पाळतात, म्हणजे मासळी बंद, ब्लाचानही बंद. प्रकल्प महिनाभर थांबणार असं मी धरून चालले होते.

वरच्या मजल्यावरच्या चिनी आँटी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. त्यांना उद्वाहनात सहज सांगितलं, तर त्या तिथेच थांबून शिकवायला लागल्या. ब्लाचानच्या जागी ताउचो, म्हणजे मुरवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट, एक मोठा चमचा. इकान बिलिसच्या जागी तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तिचे काडीसारखे तुकडे, कुरकुरीत तळून. कांदा मात्र त्याही खात नाहीत त्या दिवशी, आणि आमच्या सासूबाईंचा चातुर्मासही तसाच. मी कांदा ठेवला.

सांबाल चांगलं झालं. जवळ्याची खोली त्यात नाही. ते नाटक करून लपवण्यात अर्थ नाही. पण भात नुसता खाल्ला तेव्हा लक्षात आलं, भात तोच आहे. सांबाल बदललं, मासे गेले, अंडंही गेलं, आणि तरी समोरचं ताट नासी लेमाकच होतं. माकचिकनी पहिल्या दिवशी चमच्याने जे बाजूला सारलं होतं, ते मी महिनाभर बाजूला सारणार आहे.

शुक्रवार, 8 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. आज चाउ किटच्या नारळवाल्याकडून रस नाही, नुसतं किसलेलं खोबरं आणलं. नारळीभात केला: गूळ, खोबरं, तूप, लवंग, वेलची. आई फोनवरून म्हणाली, दर्याक नारळ घातलो.

वाटीभर खाली माकचिकना दिला. त्यांनी चमच्याने दाणा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "माचाम वाजिक," वाजिकसारखा आहे. वाजिक म्हणजे चिकट तांदूळ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ यांची वडी. मग त्यांनी विचारलं, गूळ कधी घातलास? भात शिजल्यावर, असं सांगितलं. मान डोलावली. गूळ आधी पडला तर तांदूळ शिजत नाही, हे आम्हा दोघींना आपापल्या आयांनी सांगितलेलं.

रविवार, 31 ऑगस्ट

मेर्देका, स्वातंत्र्यदिन. समोरच्या गच्च्यांवर झेंडे. गणपती दीड दिवसांचे होते, त्यामुळे स्वयंपाकघर मोकळं. आज फक्त पुडी बांधायचा सराव.

केळीचं पान सरळ दुमडलं की फाटतं. आधी आचेवरून फिरवायचं, 'लायुर' करायचं. हिरवा रंग गडद होतो, पान चकाकतं आणि कापडासारखं मऊ पडतं. आम्ही पानगी करतो तेव्हा पान तव्यावर आपोआप मऊ होतं, म्हणून ही वेगळी पायरी मला ठाऊक नव्हती. कागदावर पान, पानावर वाटीने भात उपडा, सांबाल भाताच्या कुशीत, बाकीचं भोवती. दोन बाजू वर घेऊन पन्हाळ करायची, एक टोक मागे दुमडायचं, उभी करायची. दहांपैकी चार उभ्या राहिल्या.

पानाचं काम नुसतं बांधण्याचं नाही. कोमट भाताला पानाचा वास लागायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुडी लगेच उघडली तर तो मिळत नाही.

रविवार, 7 सप्टेंबर

माकचिकना विचारायचं राहिलं होतं ते आज विचारलं. आमच्या घरात डुकराचं मांस किंवा दारू कधी आलेली नाही, कोंबडी हलाल दुकानातूनच येते, पुडीत तर अंडं आणि मासेच असतील. तरी माझ्या चुलीवरचं त्यांना चालेल का? त्यांनी माझा हात धरला. चालेल म्हणाल्या. एवढं विचारलंस, म्हणून तर नक्कीच.

वाफेचं भांडं तरी नवीन घेतलं.

मंगळवार, 16 सप्टेंबर

पहाटे साडेतीनला उठले. तांदूळ दीड किलो, दोन घाण्यांत. रस कालच्या संध्याकाळचा, फ्रीजमधला. सांबाल परवाच करून ठेवलेलं. ते मुरल्यावर पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं. सहा वाजता परातीत भात पसरला तेव्हा घरभर तो हिरवा वास. नवरा पानं शेकत होता, मी बांधत होते. वीस पुड्या, सतरा उभ्या.

आँटींकडे दोन, रखवालदाराला दोन, तमिळ शेजाऱ्यांकडे चार, कोपीतियाममधल्या नेहमीच्या मेजावर सहा.

साडेनऊला माकचिकचं मेज रिकामं झाल्यावर खाली गेले. त्यांनी पुडी हातात घेऊन वजन पाहिलं, तळ चाचपला, मग उघडली. सांबाल चमच्याने बाजूला सारलं. भाताचा घास घेतला. डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही, नीट चावून खाल्ला. मग आणखी एक घास, तोही नुसता.

"सेदाप," म्हणाल्या. चवदार आहे. आणि लगेच, "कुरांग गाराम." मीठ कमी.

मग सांबाल पुढे ओढलं आणि पुडी पानापर्यंत संपवली.

पुढच्या खेपेला: 400 ग्रॅमला मीठ सव्वा चमचा, रसातच विरघळवून. पांदान तीनऐवजी चार. शनिवारी नारळवाल्याकडे एक किलोची मागणी सांगून ठेवायची. कोपीतियामच्या मेजावर सहा पुरल्या नाहीत.